गोलाचं कुंकू

इंदोरा, नागपूर
१६ फेब्रुवारी १९७३

ती. इंदूताईस,

धाकट्या गोविंदाचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र परवा मिळालं. तुझा खोकला कसा आहे? (दिवसभर तंबाखूच्या धुळीत विड्या वळत बसणारी बाई "आता बरा आहे" असं लिहिते, त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारतो.) बकरी व्याली का? घरावरची कवेलू फेरून घेतलीस का, की यंदाही पावसाळा डोक्यावर आल्यावर धावपळ करणार? कामठीत थंडी अजून असेल, कान बांधून कामाला जात जा. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, पण आज हात धजत नाही. मी खुशाल नाही. माझं वाटोळं झालेलं आहे, आणि ते कसं झालं ते तुला सविस्तर सांगायला बसलो आहे.

तू म्हणशील, इंदोऱ्याहून कामठी म्हणजे बसनं कितीशी दूर, पत्र कशाला लिहितोस, येऊन सांग. पण समोर आलो की तू मला जेवायला बसवतेस, आणि तोंडात घास असला की मला वाद घालता येत नाही, हे तू मी लहान असल्यापासून ओळखून आहेस. कागद मध्येच "गप जेव" म्हणत नाही. शिवाय तू जे लिहिलंस त्याला मला उत्तर द्यायचं आहे. तू लिहिलंस की लग्नाला येईन, चार दिवस आधी येऊन राबेन, पण मांडवात पुढे येणार नाही. भाऊजी गेल्यापासून कोणाच्या शुभकार्यात पुढे होत नाही, तुझ्याही होणार नाही, मागे चुलीपाशी बसेन आणि तिथूनच अक्षता टाकेन. ते वाचून मी पत्राची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. त्यावर शेवटी बोलतो. कारण तू पुढे बसणार की मागे, हा प्रश्न यायला आधी लग्न व्हायला हवं, आणि त्याचंच काही खरं राहिलेलं नाही.

तुला आठवतच असेल, लतिकाचे वडील नत्थूजी (अजनीला रेल्वेत आहेत, बोलतात ते सगळं हुकूम सुटल्यासारखं) लग्नाच्या बोलणीत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पोरगं चांगलं आहे, पण आधी कायम होऊ द्या जी, मंगच पत्रिका छापू." आणि मी शाळेच्या नोकरीत कायम होणार होतो तो डिप्टी साहेबांच्या तपासणीनंतर. साहेब येणार, माझा एक पाठ बघणार, चांगला शेरा देणार, मी कायम होणार, पत्रिका छापल्या जाणार, अशी सगळी गाडी एका पाठावर उभी होती. तो पाठ काल झाला. ताई, तो पाठ कोणाच्या वैऱ्यावरही न येवो.

झालं असं की गेल्या नवरात्रात आमच्या शाळेत एक पेटी आली. कोणी पाठवली ते कोणालाच नीट सांगता येईना, "वरून आली" एवढंच. वरून आलेल्या वस्तूचं आमच्याकडे ठरलेलं आहे: आधी सही होते, मग कुलूप लागतं, मग ती विसरली जाते. (पृथ्वीचा गोल असाच विसरला गेला होता. त्यात आता चिमण्या राहतात.) पण या पेटीसोबत नेमका एक कागद निघाला की पहिलीच्या वर्गाला भौमितिक आकारांची ओळख या यंत्राने करून द्यावी आणि तपासणीच्या वेळी तसा पाठ प्रत्यक्ष दाखवावा. पेटी उघडली तर आत एक काळं, जड, नाकाड्या तोंडाचं यंत्र. प्रोजेक्टर म्हणतात त्याला. सोबत एक डबी आणि डबीत गुंडाळलेली फीत. फितीवर बोटभर चित्रं. ती फीत दोन काचांच्या फटीत धरायची, मागून दिवा लावायचा, पुढच्या भिंगातून उजेड जातो आणि चित्र भिंतीवर हत्तीएवढं होऊन पडतं. त्या दोन काचा तेवढ्या लक्षात ठेव. त्याच काचांनी माझा घात केला.

आता हे यंत्र चालवायचं कोणी? वरच्या वर्गाच्या एका गुरुजींना डोळ्यांचा त्रास निघाला. दुसऱ्यांच्या जन्मपत्रिकेत म्हणे विजेपासून भय आहे. तिसरे नुसतेच यंत्राकडे पाहून म्हणाले, "आपल्यानं होत नाही बा." कायम झालेल्या माणसाला असं म्हणता येतं. मी कच्चा मास्तर, त्यात पहिली माझ्याकडे. आमचे हेडमास्तर मनोहरराव माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गोविंदा गुरुजी, तुम्ही तरुण आहात." एवढ्या पाच शब्दांत माझी नेमणूक झाली.

मनोहररावांबद्दल गैरसमज करून घेऊ नकोस. माणूस सोन्यासारखा आहे, आणि तीच माझी खरी अडचण आहे. वाईट माणसाशी भांडता येतं. खांडेनवमीला त्यांनी शाळेतली सगळी हत्यारं पूजेला मांडली, म्हणजे घंटा, हातोडी, बागेतलं फावडं, मोठा कंपास, आणि मधोमध प्रोजेक्टर. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमच्या भावना मला समजतात. तुम्ही पाहिजे तर व्हरांड्यात उभे राहा, मी वाईट मानणार नाही." मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. (बावीस प्रतिज्ञा तूच माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्यास, विड्या वळता वळता, एक चुकली की सुपाची कड डोक्यात. मी कसा आत थांबेन?) आतून घंटा ऐकू आली, आरती ऐकू आली, नारळ फुटल्याचं ऐकू आलं. मग मनोहरराव स्वतः खोबऱ्याचा तुकडा घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "प्रसाद म्हणून नका घेऊ. खोबरं म्हणून घ्या." मी खोबरं म्हणून घेतलं. चांगलं गोड होतं. आत काय काय झालं ते मी पाहिलं नाही, आणि विचारलंही नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिला पाठ ठेवला. खिडक्यांना गोणपाटं लावली. भिंतीचे पोपडे निघालेले, म्हणून पडदा हवा. तर लग्नासाठी घेतलेलं नवंकोरं पांढरं धोतर मी घरून आणून टांगलं. (रागावू नको. पुढचं ऐकलंस तर धोतराचं दुःख विसरशील.) विजेचं बटण शाळेत एकच, तेही हेडमास्तरांच्या खोलीत, आणि ते इतकं सैल की पिन घातली की बाहेर येते. म्हणून आमचा शिपाई धोंडबा तिथे पिन दाबून बसायचा, आणि त्याला कोणी चहाला हाक मारली की इकडे माझा चौकोन नाहीसा व्हायचा. वर्गात अंधार झाला मात्र, पोरांना वाटलं टूरिंग टॉकीज आली. एकानं शिट्टी मारली. एक जण "खाली बसा बे पुढचे" म्हणून ओरडला. कोणी खिशातून फुटाणे काढले. दोघं तिघं अंधार पाहून सरळ झोपले, आणि खरं सांगतो, त्या दिवशी सुखी तेवढेच होते. मी मोठ्या आवाजात म्हटलं, "बालमित्रांनो, हा पाहा गोल," आणि दिवा लावला.

गोल आला. छान आला, तव्यापेक्षा मोठा, काळ्याभोर रेघेचा. आणि त्याच्या आत, मधल्यापेक्षा जरा वर, एक मोठा लालभडक टिळा.

मी फीत पुढे सरकवली. त्रिकोण आला, त्यालाही टिळा. चौकोन आला, त्यालाही. फीत सरकायची, आकार बदलायचा, टिळा मात्र जागचा हालायला तयार नाही. पोरं खूश. मी मनातल्या मनात यंत्र बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या. मग सगळे गेल्यावर यंत्र खोललं तर उमगलं. मनोहररावांनी पूजेच्या दिवशी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं होतं, देवाचं तसं यंत्राचं कपाळ कुठलं असावं याचा विचार केला होता, आणि जिथून उजेड निघतो तेच कपाळ असं ठरवून आतल्या काचेवर बोटानं ओलं कुंकू लावलं होतं. घंटेला, फावड्याला, कंपासालाही लावलं होतं, पण ती बिचारी भिंतीवर पडत नाहीत.

मी रुमाल काढला. पुसणार तेवढ्यात दारातून आवाज आला, "हां हां गुरुजी! पूजेचं आहे ते." मनोहरराव उभे. रागावलेले नव्हते, ताई, दुखावलेले होते. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की मी, गोविंदा गुरुजी, इंदोऱ्याचा, खांडेनवमीला व्हरांड्यात उभा राहिलेला, पूजेचं कुंकू पुसतो आहे. उद्या ही गोष्ट शाळेभर होईल, परवा साहेबांच्या कानावर जाईल, आणि कोणी हे म्हणणार नाही की त्यानं काच पुसली. दुसऱ्या कोणाही गुरुजींनी पुसलं असतं तर ती साफसफाई झाली असती. मी रुमाल घडी करून परत खिशात ठेवला. मनात आलं, कोणी पाहत नसताना एकदा गुपचूप पुसून टाकावं. पण यंत्राच्या कपाटाची किल्ली मनोहररावांच्या जानव्याला, आणि दर वेळी यंत्र बाहेर काढलं की ते आधी उदबत्ती फिरवणार, जुन्या कुंकवावर ताजं कुंकू लावणार, मला "या गुरुजी" म्हणून आत बोलावणार. म्हणजे तो टिळा पाठागणिक वाढतच चालला होता.

मी त्यांना समजावून पाहिलं. म्हटलं, सर, मुलांना वाटेल की टिळा हा आकाराचाच भाग आहे. ते विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "गुरुजी, वर्तुळाला मध्यबिंदू असतोच की! आपलं कुंकू आणि तुमचं शास्त्र जुळलं, अन् काय पाहिजे?" मी म्हटलं, सर, हा टिळा मधोमध नाही, आणि त्रिकोणाला कशाला हवा मध्यबिंदू? ते म्हणाले, "त्यालाही असेलच कुठंतरी." काय सांगू वं ताई, मी घरी येऊन डोकं धरून बसलो. (मी शिक्षक आहे म्हणून शुद्ध लिहायचा प्रयत्न करतो आहे, पण दुःख अनावर झालं की आपली भाषा बाहेर येते. सांभाळून घे.)

पोरं मात्र शिकली. एवढं मन लावून ती कधी काही शिकली नव्हती. पाटीवर गोल काढायची आणि पाटी घेऊन घरी पळायची, आईच्या करंड्यातलं कुंकू लावून परत आणायची. आठवडाभरात आया शाळेत यायला लागल्या. एकीनं तक्रार केली की करंडा रिकामा झाला. दुसरी म्हणाली, "चांगलं शिकवून राहिले गुरुजी, पोरगं पयले पाटीवर थुंकत होतं, आता पाया पडते." मी फळ्यावर खडूनं साधा त्रिकोण काढून विचारायचो, हा कोण? पोरं मान हलवायची. मी विटकरीच्या तुकड्यानं लाल ठिपका दिला की सगळी एका सुरात, "त्रिकोण जी!" मी किती सांगितलं की तो टिळा आकाराचा नाही, तो काचेवर आहे. मान डोलवायची आणि पुन्हा कुंकू लावायची. त्यांचं काय चुकलं? जे दाखवलं ते शिकली.

तू म्हणशील, मग सोडून द्यायचं ते यंत्र आणि शिकवायचं साध्या रीतीनं. तुझ्या विडीपत्ता कापायच्या पत्र्याच्या साच्यावरून मी आयत शिकलो होतो, लांब बाजू आणि आखूड बाजू, बोट कापून घेऊन शिकलो, अजून विसरलो नाही. मीही वर्गात काड्यापेटी नेली, बांगडी नेली, समोसा नेला (समोशावरचा पाठ शेवटपर्यंत टिकला नाही). पण कागदात लिहिलेलं होतं, यंत्राने. तपासणीला पाठ यंत्रानेच दाखवायचा. आणि कायम व्हायचं होतं ना मला.

तर काल डिप्टी साहेब आले. सकाळपासून शाळा सारवून काढली होती. मी धोतर धुऊन, ताणून, टाचण्या मारून लावलं होतं. धोंडबाला कोणीही चहाला बोलावू नये अशी सक्त ताकीद होती. विजेची लाइन गेली नाही, हे एक नवल. एरवी आमच्या भागातली लाइन रोज त्याच सुमारास जाते, काल मात्र गेली नाही. गेली असती तर मी आज तुला वेगळं पत्र लिहीत असतो. मी मनोहररावांना हात जोडून म्हटलं होतं, आजच्या दिवस कुंकू थोडं लहान लावा. ते म्हणाले, "आजच्या दिवस? गुरुजी, आज तर तुमच्यासाठी खास पूजा करतो." आणि मला व्हरांड्यात पाठवून त्यांनी, माझ्या भल्यासाठी, अगदी मनापासून, ओलं कुंकू लावून वर हळद लावली आणि त्यावर अक्षता चिकटवल्या.

दिवा लागला. साहेब खुर्चीवर, मागे मनोहरराव हात जोडून. पडद्यावर गोलाची फक्त कड दिसत होती. मध्ये लालपिवळा चिखल, आणि त्यात तांदळाचे दाणे, एकेक उशीएवढा. दिव्याच्या उष्णतेनं कुंकू पातळ झालं असावं, कारण ते दाणे हळूहळू सरकू लागले. पुढच्या रांगेतलं एक पोरगं किंचाळलं, "अळ्या!" आणि अर्धा वर्ग बाकांवर चढला. झोपलेले उठले आणि कारण न कळता रडू लागले. साहेब शांतपणे म्हणाले, "खिडक्या उघडा. यंत्र बंद करा." त्या क्षणी माझं लग्न मला धोतरावरून ओघळताना दिसलं.

खिडक्या उघडल्या. साहेब स्वतः फळ्यापाशी गेले. खडूनं एक मोठा गोल काढला, हात न थांबवता, फार सुबक. (साहेब पूर्वी चित्रकलेचे मास्तर असावेत.) वळून विचारलं, "मुलांनो, हे काय आहे?" पोरांनी नुसत्या माना हलवल्या. मी मागून ओठ हलवून गोल, गोल करत होतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी ओठ मिटले. तेवढ्यात गोपिका उठली. ही माझ्या वर्गातली सगळ्यात लहान पोर, दोन वेण्या, नाक सदा वाहतं, पण बोलायला कोणाच्या बापाला भीत नाही. फळ्याकडे बराच वेळ बघून तिनं विचारलं, "गोलच हाये जी. पण त्याचं कुंकू काहून पुसलं? त्याचा मालक मेला का?"

साहेब हसले नाहीत. मनोहररावांनी मान खाली घातली. मला काय झालं माहीत नाही, ताई. नोकरी तर गेलीच होती, म्हणून असेल. मी पुढे झालो आणि म्हटलं, "गोपिके, समज मेला. मग तो चौकोन झाला का?" ती म्हणाली, "नाही जी." "त्याला कोन फुटले का?" "नाही." "घरंगळायचा थांबला का?" तिनं फळ्याकडे पुन्हा पाहिलं, आणि पोरांनीही पाहिलं, आणि एकेक करून सगळी म्हणाली, नाही, नाही जी. "मग काय आहे तो?" "गोल!" सगळा वर्ग, छत उडेल असा. पहिल्यांदा, ताई! बिनकुंकवाच्या गोलाला पहिल्यांदा गोल म्हणाली. माझे डोळे भरून आले. साहेबांच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं. मला वाटलं वाचलो. आणि गोपिका खाली बसायच्या ऐवजी उभीच. म्हणाली, "मंग गुर्जी, काकाच्या हळदीले माही आजी आतल्या खोलीत काहून बसली होती?"

साहेब माझ्याकडे बघताहेत, मनोहरराव जमिनीकडे बघताहेत, पोरं आळीपाळीनं सगळ्यांकडे. मी म्हणालो, "उद्या सांगतो." याच्याइतकं नामर्द उत्तर मास्तरकीत दुसरं नाही.

साहेबांनी शेरा लिहिला. तो मला तोंडपाठ आहे, पण तुझ्या जिवाला त्रास नको म्हणून थोडक्यात सांगतो. मुलांचे आकारज्ञान सदोष आहे. यंत्राचा वापर तूर्त थांबवावा. शिक्षक प्रामाणिक दिसतात, परंतु पाठ विषयाबाहेर गेला. कायम करण्याचा विचार पुढील वर्षी व्हावा. जाताना साहेब मला म्हणाले, "त्या मुलीला उत्तर द्या बरं का," आणि जीपमध्ये बसून गेले. पण तेवढ्यानं शेरा काही बदलला नाही.

मनोहरराव संध्याकाळी माझ्या खोलीवर आले. इंदोऱ्यात आमच्या गल्लीत ते पहिल्यांदाच आले असतील, घर विचारत विचारत. बाजेवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "गुरुजी, मी तुमचं चांगलं व्हावं म्हणूनच लावलं होतं." मी म्हटलं, मला माहीत आहे, सर. आणि मला खरंच माहीत आहे. म्हणून तर रागवायलाही कोणी उरलं नाही. मी सगळा राग त्या यंत्रावर काढला, आणि ते कपाटात बंद आहे.

तर अशी माझी कथा आहे. कायम नाही म्हणजे पत्रिका नाही, पत्रिका नाही म्हणजे लग्न नाही. धोतरावर हळदीकुंकवाचा जो ओघळ उतरला आहे (भिंगातून नव्हे, टाचण्या काढताना पूजेचं ताट कलंडलं) तो तीन वेळा साबण लावूनही गेला नाही. तेव्हा तू मांडवात कुठे बसावं याची काळजी आता करू नकोस. मांडवच नाही. तुझा प्रश्न सुटला. तब्येतीला जप, खोकल्याला काढा घे, आणि या करंट्या भावाची आठवण ठेव.

तुझाच,
गोविंदा

ता. क. : पत्र बंद करता करता नत्थूजी येऊन गेले. तपासणीची बातमी अजनीपर्यंत पोचली होती. मी दारातच म्हटलं, मी कायम झालो नाही, तुम्ही मोकळे आहात. ते घुश्शात म्हणाले, "बसा गुपचूप." मग कळलं ते असं, की लतिकानं घरी बापाला विचारलं, सारं जग अनित्य आहे असं रोज वंदनेला बसून आपण ऐकतो, मग एकटा मास्तरच कायम काहून पाहिजे? त्यावर नत्थूजी उठले ते थेट माझ्याकडे आले. शिवाय (हे त्यांनी जाता जाता, चपला घालताना सांगितलं) पत्रिका महिन्याभरापूर्वीच छापून झाल्या आहेत, माझ्यावर वचक राहावा म्हणून सांगितलं नव्हतं. म्हणजे लग्न आहे. बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. वर लिहिलेलं सगळं रडगाणं तसंच राहू देतो, इतकं लिहिल्यावर फाडवत नाही.

आणखी ता. क. : यंत्र बंद झालं, तेव्हा आता पहिलीला आकार साध्या रीतीनं शिकवणार. तुझा तो जुना विडीपत्त्याचा साचा अजून असेल तर मला हवा आहे. पण पोस्टानं पाठवू नकोस, कडा धारदार आहेत, पोस्टमनचा हात कापेल. कोणाच्या हाती देऊ नकोस, हरवेल. स्वतः घेऊन ये. लग्नाच्या आधी आठ दिवस आलीस तरी चालेल.

शेवटचं : साच्याचं निमित्त तुझ्या लक्षात आलंच असेल, तर आता सरळ लिहितो. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. वंदनेआधी बाबासाहेबांच्या फोटोपुढची मेणबत्ती तू लावायची आहेस, दुसरं कोणी नाही. तू म्हणतेस मी पांढऱ्यातली बाई, पुढे कशी येऊ? अगं, आपल्या लग्नात नवरी पांढऱ्या लुगड्यात, नवरा पांढऱ्या धोतरात, लुंगीपासून टोपीपर्यंत अर्धा मांडव पांढरा. त्यात तुला मागे बसवायची ती कशावरून निवडून? त्या दिवशी कुंकू लागलेलं असेल तर ते माझ्याच धोतरावर. ज्या प्रतिज्ञा सुपाची कड मारून माझ्याकडून पाठ करून घेतल्यास, त्या तुझ्यापुरत्या कधी सुटल्या ते मला सांग.

गोपिका आज सकाळी आल्या आल्या म्हणाली, "गुर्जी, उद्या झाला." मी पुन्हा उद्यावर टाकलं. तिला लग्नाला घेऊन येणार आहे, तिच्या आजीसकट, आणि दोघींना पहिल्या ओळीत बसवणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, ताई. ते तू पुढे येऊन दे.